वाणात पोरगी मागणाऱ्या बाई

मैदानालगतच्या गोदामाची भिंत पडली तेव्हा तिच्याखाली दोघी सापडल्या, खो-खोच्या बाई आणि माझी नात प्राची. मी घरी तांदूळ निवडत होते. शेजारची पोर धावत आली, "आजी, मैदानावर भिंत पडली!" मी ताट टाकलं आणि अनवाणी गेले. बायका हातांनी विटा उपसत होत्या.

खो-खोच्या बाईंएवढी हट्टी बाई मी अख्ख्या कल्याण तालुक्यात दुसरी पाहिली नाही. आमच्या मोहन्यात त्यांनी संस्था काढली होती, गरिबाच्या पोरींना खेळायला मिळावं म्हणून. संस्था म्हणजे त्या स्वतः, एक पत्र्याचं कपाट आणि गळ्यातली शिट्टी. साडीखाली पुरुषी बूट घालायच्या. लग्नाला बूट, मयताला बूट. साखरपुड्यात नवरीला आशीर्वाद द्यायच्या आधी विचारायच्या, "सकाळी पळतेस का गं?" तुमचं डोकं ठिकाणावर नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "नसेल मावशी, पण पाय ठीक आहेत."

पोरी मिळवायची त्यांची तऱ्हा वेगळीच. फॉर्म घेऊन घरोघर गेल्या की दारातच उत्तर मिळायचं, "ह्यांना विचारून सांगते." ह्यांना कुणी कधी विचारायचं नाही. मग बाई संक्रांतीनंतर हळदीकुंकवांना जायला लागल्या. विधवा बाई, बोलावणं कोण देणार? तरी दारात बूट काढून सरळ आत यायच्या आणि सतरंजीवर मांडी घालायच्या. कुंकवाची कोयरी त्यांच्यापर्यंत आली की यजमानीण पुढचीकडे वळू बघायची. बाई म्हणायच्या, "कुंकू राहू दे. वाण द्या. तुमची पोरगी, रोज दोन तास."

"अहो, स्टीलचा डबा देते की!"

"डबे घरात सात झालेत. पोरगी द्या."

सणाला घरात आलेलीला रिकाम्या हाताने कशी पाठवायची? बायका चडफडायच्या आणि पोरगी द्यायच्या.

आमच्याकडे सुनेचं हळदीकुंकू होतं तेव्हाही आल्या. मीही विधवा, म्हणून आतल्या खोलीत बसले होते. बाई थेट आत शिरल्या, मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. "तिळगूळ घ्या मावशी, आणि नात द्या."

चार बायकांत मला लाज वाटली. लाज वाटली की मी वाकडं बोलते. म्हटलं, "स्वतःचं मूल कधी सांभाळलंय का?"

त्यांना मूल नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. त्या हसल्या. "नाही ना. म्हणून तर तुमची मागतेय."

प्राची दुसऱ्या दिवसापासून जायला लागली. मी त्या बोलण्याची माफी कधी मागितली नाही. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत दीड वर्ष गेलं.

त्या दिवशी पाऊस उघडला होता आणि पोरी गोदामाच्या भिंतीशी बसून बूट बांधत होत्या. भिंत फुगलेली बाईंना दिसली. त्यांनी शिट्टी मारली. शिट्टी झाली की कारण न विचारता पळायचं, ही त्यांची शिस्त. सगळ्या पळाल्या. प्राचीचा पाय आदल्या दिवशी लचकला होता, तिला उठायला वेळ लागला. बाई उलट्या तिच्याकडे धावल्या. पन्नाशी उलटलेली बाई, नऊवारी नाही पण साडीच ती. पोरी सांगतात, इतक्या जोरात पळताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

विटा काढल्या तेव्हा त्या प्राचीच्या अंगावर पालथ्या होत्या. दोघींना एकाच गाडीतून कल्याणला नेलं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी देवाला एकच नाव सांगितलं. दुसरं माझ्या ओठावर होतं, पण घेतलं नाही. दोन मागितल्या तर एकही देणार नाही, अशी भीती वाटली.

प्राचीची मांडी दोन ठिकाणी मोडली होती. बाई संध्याकाळी गेल्या. माझी नात जगली.