वरची ओळ

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला प्रिंटरची शाई घेत होतो. दुकानदाराला "काळीच द्या" म्हणालो आणि ती डबी हातात धरून बराच वेळ तसाच उभा राहिलो... त्याला आता दीड महिना झाला. झोप होते, पण थकवा काही जात नाही.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. शिरूरकडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन मांडवगण फराट्याला घरी आले, तेव्हा घरात संगणक एकच, तोही रांगत चालणारा. त्यावर मी दूध संस्थेचं काम करायचो. दादांनी माझं विंडोज आहे तसं ठेवलं आणि त्याच यंत्रात स्वतःसाठी विंडोजसारखीच दुसरी प्रणाली, लिनक्स, बसवली. स्विच दाबला की काळ्या पडद्यावर, कुणाचं उघडायचं ते विचारणाऱ्या, बारीक अक्षरांत दोन ओळी यायच्या. वर 'दादा', खाली 'बाळू'. बाळू म्हणजे अस्मादिक. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही, तर वरची ओळ आपोआप सुरू. मी चहा आणायला आत जायचो, येऊन बघतो तर दादांचा संसार उघडलेला. एस.टी.च्या पाटीएवढाली अक्षरं, आणि त्यात एस.टी. वेळेवर येत नाही म्हणून डेपोला लिहिलेला अर्ज. मग सगळं बंद करा, पुन्हा सुरू करा.

"दादा, माझं नाव वर घ्या की. काम मी करतो."

"थोरला कोन?"

"तुम्ही."

"मग? लग्नपत्रिकेत धाकट्याचं नाव आधी टाकत्यात व्हय? एक बाण तर दाबायचा. तुला काय नांगर धरायचाय?"

आमच्याकडं पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून भाऊबंद भरल्या पंगतीतून उठून गेलेत. मीही त्याच रक्ताचा. दादा दोन दिवस लेकीकडे शिरूरला गेले, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत त्या ओळींचा क्रम ठरवणारी फाईल उघडली. तीनदा यंत्र सुरूच होईना. घाम फुटला. अखेर बाळू वर, दादा खाली! शिवाय थांबायची वेळ दहाची पाच सेकंद करून टाकली. दादा परत आले, स्विच दाबला, पडद्याजवळ तोंड नेऊन बघितलं... "जमलं की रं तुला," एवढंच म्हणाले. आठवडाभर दूध संस्थेत येईल त्याला मी हा पराक्रम ऐकवला.

तेरावा झाला आणि कामाला बसलो, तर खालच्या बाणाच्या बटणावर एक टिकली चिकटलेली. पोरांचे उद्योग, म्हणून नखानं खरवडायला लागलो.

"भावजी, काढू नका," मागून वहिनी म्हणाल्या. "म्या लावलीया. त्यांना बटनं दिसत न्हवती."

"दिसत नव्हती म्हणजे?"

"साखरंनं डोळं अधू झालं हुतं. मोठी अक्षरं तेवढी लागायची. वरचं आपसूक उघडायचं तवा काय अडत न्हवतं. तुम्ही वरखाली केल्यावर सारखं चुकायला लागलं. मग बोटाला लागावी म्हनून लावली."

"अहो, मला सांगायचं तरी!"

"म्या म्हनलं सांगा. तर म्हनले, धाकट्यानं पयल्यांदाच आपल्या हातानं कायतरी केलंय, ऱ्हाऊ दी."

पाच सेकंद. त्या पाच सेकंदांत दादांचं बोट किती वेळा ती टिकली शोधत राहिलं असेल... आणि मी शेजारी बसून चहा पीत असेन.

त्याच दुपारी फाईल पुन्हा उघडली. दादा वर, बाळू खाली. थांबायची वेळ तीस सेकंद. कुणासाठी, ते विचारू नका. आता खालचा बाण मी दाबतो. माझ्या बोटाच्या घामानं टिकली पंधरा दिवसांत सुटते. एकदा वहिनींनी ते बघितलं, आत गेल्या आणि टिकल्यांचं अख्खं पाकीट आणून कीबोर्डशेजारी ठेवलं. "मला आता कशाला?" म्हणाल्या.

पाकिटात अजून बऱ्याच आहेत. एक सुटली की मी दुसरी लावतो.