सीमधलं डीमध्ये

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. डेस्कटॉपवर फाइली साठतात तसे साठतात. आज इथे टाकू, रविवारी नीट लावू, असं म्हणता म्हणता एक दिवस मागचा वॉलपेपरच दिसेनासा होतो!

भोईवाड्यात माझं आणि माझ्या नवऱ्याचं, मंगेशचं, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. व्हायरस, रखडणारं मशीन, चहा सांडलेला कीबोर्ड, सगळं येतं. पण सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: "सी ड्राइव्ह फुल दाखवतोय." कॉम्प्युटर तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, सगळं तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये सीवर कोंबत राहतो आणि शेजारचा डी रिकामा, हवा खात बसलेला. मग आम्ही ते फोल्डर सीमधून डीमध्ये हलवून देतो. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. झालं!

मंगेश म्हणतो, "आपण पॅकर्स-मूव्हर्सच गं, फक्त टेम्पो नाही."

आता सामान हलवायचं म्हटलं की काहीतरी फुटतंच.

*

गिरगावात एक वकीलकाका आहेत. प्रॅक्टिस सोडल्यावर त्यांनी आपल्या चाळीच्या आठवणी लिहायला घेतल्या. कुठल्या खोलीत कोण राहायचं, कोणाचं लग्न गच्चीवर लागलं, गणपतीतल्या नाटकात पडदा कोणाच्या डोक्यावर पडला, सगळं. चाळ पाडून झाली होती, म्हणून जास्तच मन लावून लिहायचे. मंगेशने त्यांचा डॉक्युमेंट्सचा फोल्डर डीवर हलवला, त्यांना दाखवला आणि चहा पिऊन परत आला.

त्याच आठवड्यात फोन. "मंगेश, अरे, माझं काहीच दिसत नाहीये!"

झालं होतं असं, की काकांना स्क्रीनच्या डाव्या बाजूला डॉक्युमेंट्स दिसलं, आणि डी उघडला तर तिथेही डॉक्युमेंट्स दिसलं. आत तंतोतंत तेच. एका कागदाच्या दोन प्रती फिरत ठेवायच्या नाहीत, हे त्यांचं कोर्टातलं तत्त्व. त्यांनी एक प्रत उडवली. कचऱ्याच्या डब्यातही राहू नये म्हणून शिफ्ट दाबून उडवली! आणि दुसरीकडे बघतात तर तिथलंही गायब.

"काका, त्या दोन प्रती नव्हत्याच," मंगेश म्हणाला. "एकाच खोलीला दोन दारं होती."

"मग तसं दारावर लिहायला नको?"

आम्ही रिकव्हरीचे सगळे उपाय केले. हाती आली ती चार-दोन पानं, त्यातही अक्षरांच्या जागी चौकोन. मी म्हटलं, "काका, पुन्हा लिहा ना. तुम्हाला सगळं पाठ आहे."

"मला कुठलं पाठ? अण्णांना पाठ होतं." अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. "मी फोन करायचो, ते सांगायचे, मी लिहायचो. आता फोन कोणाला करू?"

*

लालबागच्या मावशींकडे डी ड्राइव्हच नव्हता. मशीन जुनं, ड्राइव्ह एकच आणि तोही इवलासा. त्यांचा मुलगा रूपेश म्हणाला, "माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे, तीच कायमची लावून ठेवा. आईचे फोटो त्यावर टाका." टाकले. छान चाललं.

मग रूपेशला मस्कतला नोकरी लागली. बॅग भरताना त्याला आठवलं, त्या डिस्कवर आपले पिक्चर आहेत. काढली वायर, टाकली बॅगेत, गेला!

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात. "गो, मशीन काय लिवता ता जरा येऊन बघ. माझे फोटो खंय गेले?"

जाऊन बघितलं. स्क्रीनवर मेसेज होता, लोकेशन उपलब्ध नाही. मंगेशला राहवलं नाही. "मावशी, फोटो मस्कतला गेले!"

मावशींनी कपाळाला हात लावला. "झील गेलो तो गेलो, माझी सगळी माणसा पण घेऊन गेलो!"

हसलो तेव्हा. रूपेशला ऑनलाइन पाठव म्हटलं, तर आधी "बघतो" म्हणाला, मग "आलो की आणतोच" म्हणाला. अजून आलेला नाही. मध्ये मी दुसऱ्या कामासाठी गेले होते, तेव्हा मशीन चालू करताच तोच मेसेज आला. मी म्हटलं, "मावशी, हा काढून टाकते. रोज रोज कशाला दिसायला हवा?"

"नको गो, रवांदे," मावशी म्हणाल्या. "तो इलो काय आपसूक जायत."

*

हा अगदी छोटा. लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी करणारी मुलगी लॅपटॉप घेऊन आली. घटस्फोट नुकताच झालेला. लॅपटॉप लग्नानंतर नवऱ्याने सेट करून दिलेला, त्याच्याच नावाने.

"मॅम, अकाउंटचं नाव मी बदललं. तरी कुठलीही फाइल उघडली की पत्त्यात त्याचंच नाव येतं!"

मी सांगितलं, "वरचं नाव बदलतं, आतल्या फोल्डरचं बदलत नाही. त्याच्या मागे लागलीस तर आणखी बिघडेल. त्यापेक्षा आपण नवीन अकाउंट उघडू, तुझं सगळं सामान डीवर हलवू आणि जुनं बंद करू."

ती हसली. "माझी वकीलही हेच म्हणाली होती."

नवीन अकाउंट उघडलं. नाव टाकायची चौकट आली. तिने पहिलं नाव टाइप केलं आणि थांबली. थोडा वेळ कर्सर नुसता उघडझाप करत होता.

"नुसतं नाव चालेल ना, मॅम? आडनाव नसलं तरी?"

*

करी रोडला दोन भाऊ. खोली एक, कॉम्प्युटर एक. आई गेल्यापासून बोलणं बंद. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललेली, दोघांनी भाड्याच्या जागा वेगवेगळ्या घेतल्या. कॉम्प्युटर थोरल्याकडे जाणार आणि धाकट्याचे फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर हलवून तो ड्राइव्ह त्याला काढून द्यायचा, असं ठरलं. वाटणी करायला बोलावलं आम्हाला!

दोघे एकाच खाटेच्या दोन टोकांना बसलेले आणि संभाषण आमच्यामार्फत. "त्याला सांगा, गाण्यांचा फोल्डर माझा आहे." "त्याला म्हणावं, घेऊन जा, मला बारा भानगडी नकोत."

सगळं मार्गी लागलं आणि शेवटी एक फोल्डर उरला. 'आई'. आत तिचे व्हिडिओ. घावणे घालताना, पापड वाळत घालताना, शेजारणीशी भांडताना.

मी म्हटलं, "ह्यात काय एवढं? कॉपी करते, दोघांनाही देते."

थोरला म्हणाला, "चालेल. त्याला कॉपी द्या. ओरिजिनल मला ठेवा."

धाकटा उसळला. "ओरिजिनल माझं! शूट कोणी केलंय, विचारा त्याला!"

आता ह्यांना कसं समजवायचं, की ओरिजिनल आणि कॉपी ह्यात काडीचा फरक नसतो? मी एक व्हिडिओ ह्या ड्राइव्हवरून लावला, तोच त्या ड्राइव्हवरून लावला. "बघा, आहे का काही वेगळं?" दुसऱ्यांदा व्हिडिओ चालू असताना आई तव्याकडे वाकली आणि मागे न बघताच ओरडली, "अरे, गॅस बारीक कर रे!"

धाकटा खरंच उठला. दोन पावलं शेगडीकडे गेलासुद्धा.

थोरला त्याच्याकडे बघत म्हणाला, "बस. बंदच आहे."

*

परळच्या हॉस्पिटलांत उपचारांसाठी गावोगावची माणसं येऊन राहतात. त्यातले एक गृहस्थ आमच्याकडे आले. डोक्याला मफलर, आवाज बसलेला. गावात फोटो स्टुडिओ होता त्यांचा. लॅपटॉपवर अख्ख्या गावाची लग्नं, बारशी, मुंजी! सगळी पसरलेली, काही डेस्कटॉपवर, काही डाउनलोड्समध्ये. म्हणाले, "सगळं एका जागी डीवर लावून द्या. मुलाला सापडायला हवं."

फाइली हलायला लागल्या. स्क्रीनवर आलं, चार मिनिटं बाकी. मग आलं, दोन तास बाकी. मग पुन्हा वीस मिनिटं. ते एकटक बघत बसलेले.

मंगेश म्हणाला, "काका, ह्याच्या आकड्यावर जाऊ नका. हा अंदाजपंचे सांगतो!"

"आमचे डॉक्टरही तसंच म्हणतात," ते म्हणाले, आणि आम्हीच ओशाळलो म्हणून आम्हाला हसून दाखवलं.

*

दादरच्या पाटणकर काकू कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि आपल्या भागातल्या झाडांचे फोटो काढत सुटल्या. एकेका झाडाचा वेगळा फोल्डर, डेस्कटॉपवर. सोनमोहर, बहावा, बकुळ, समुद्रफळ. प्रत्येक आयकॉनची जागा ठरलेली.

पुढे काकूंना विसरायला व्हायला लागलं. आधी वस्तू, मग दिवस, मग माणसं. पण रोज सकाळी आंघोळ झाली की त्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि झाडं बघायच्या. कुठे क्लिक करायचं ते हाताला माहीत होतं. काका म्हणायचे, "तेवढा वेळ ती अगदी पूर्वीसारखी असते हो."

मशीन रखडायला लागलं म्हणून काकांनी मंगेशला बोलावलं. सी भरलेला. काका म्हणाले, "सगळंच डीवर टाका, म्हणजे पुन्हा कटकट नको." मंगेशने डेस्कटॉपसकट सगळं हलवलं. एकही फोटो गेला नाही. फक्त आयकॉन आपापल्या जागा सोडून डाव्या कडेला अकारविल्हे रांगेत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. मागे काकूंचा आवाज येत होता. "माझी झाडं कुणी तोडली? सांगा ना, कुणी तोडली?"

मी लगेच निघाले. काका त्यांचा हात धरून माउस फिरवत होते. "ही बघ शालू, इथेच आहेत. हा बघ तुझा बहावा."

"हा माझा नाही. माझा इथे होता," काकू स्क्रीनच्या मधोमध बोट आपटत होत्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या.

काकांनी त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवलं. मी फालतू फाइली उडवून सीवर जागा केली, डेस्कटॉप होता तिथे परत आणला. पण कोणता आयकॉन कुठे होता हे कोणाला आठवणार? काकांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "सोनमोहर वर... नाही, नाही, जरा खाली." शेवटी त्यांना मोबाइलमध्ये काकूंच्या वाढदिवसाचा फोटो सापडला. पुढे केक, मागे चालू स्क्रीन! तो मोठा करून करून बघितला आणि काकांनी स्वतः माउस हातात घेऊन एकेक झाड जागच्या जागी लावलं. मी नुसती शेजारी उभी होते.

काकूंना बोलावलं. त्या खुर्चीत बसल्या, स्क्रीनकडे बघितलं, हात आपोआप सोनमोहरावर गेला. पिवळाधमक फोटो उघडला. चेहराच बदलला त्यांचा. एक एक करून सगळी झाडं बघितली, मग वळून काकांकडे बघत म्हणाल्या, "किती छान लावून दिलंत हो! तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?"

मी काहीतरी बोलायला गेले. काकांनी हातानेच मला थांबवलं.

"हो," ते म्हणाले.

"बसा ना जरा. हे बाजारात गेलेत, येतीलच एवढ्यात. झाडं परत आली म्हणून त्यांना दाखवायचंय मला. फार काळजी करतात हो माझी."

काका खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारखे टेकले.

"बसतो की," ते म्हणाले. "येऊ देत त्यांना."