मिल्टनने कुणालाच न सांगितलेलं दुकान

होनोलुलूत स्वस्तात पोटभर कुठे जेवावं हे माझ्या भावाला विचारावं, असं अर्धं शहर म्हणतं. उरलेलं अर्धं श्रीमंत आहे, त्याला विचारायची गरज पडत नाही.

माझा भाऊ मिल्टन कानेशिरो. वय एकसष्ट. सव्वीस वर्षं शहराची बस चालवली. लग्न केलं नाही. त्याच्या आयुष्यात बस, जेवण आणि मी, याच क्रमाने. मी खालच्या मजल्यावर राहते, तो वरच्या, आणि त्याच्या जिन्यावरच्या पावलांवरून मला कळतं की आज संध्याकाळी बाहेर कोरियन बरगड्या झाल्या की फिलिपिनो डुक्कर.

दुकान ओळखायची त्याची पद्धत होती. दारात सिमेंटने पांढरे झालेले बूट रांगेत उभे असले की आत जायचं. भिंतीवरचे पदार्थांचे फोटो उन्हाने निळे पडलेले असले तर दुकान जुनं, भाडं जुनं, म्हणून प्लेट स्वस्त. काउंटरवर नवी कोरी कुंडी दिसली तर मागे फिरायचं, कारण कुंडीचे पैसे आपल्याकडूनच वसूल होणार. बसमध्ये चढणारी माणसं तिकिटाआधी हेच विचारायची.

"अंकल, वाइपाहूत दहा डॉलरच्या आत काही मिळतं का हो?"

"दुसरा सिग्नल, डोंगराच्या बाजूला, लॉन्ड्रीच्या मागे. अकराच्या आत जा. कोंबडी घे, मासा घेऊ नको. आणि सॅलड नको म्हणालास तर भाताची मूद जास्त देतात."

लोक उतरताना हात जोडायचेच बाकी ठेवायचे. मला मात्र चीड यायची. कारण सगळ्या शहराला चांगलं खायला धाडणारा हा माणूस स्वतः रोज दुपारी मिसेस बांगच्या दुकानात जेवायचा, आणि मिसेस बांगच्या बरगड्या म्हणजे खारवलेला पट्टा. मी एकदा खाल्ल्या आहेत. दोन दिवस जबडा दुखत होता.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बसचा शेवटचा थांबा कलिहीत हलवला. ड्रायव्हरला तिथे पंचवीस मिनिटं विश्रांती, आणि थांब्याला लागून एक बार्बेक्यूचं दुकान. पहिल्या दिवशी हा आत गेला. दुकानात चिटपाखरू नाही. काउंटरमागे एक बुटकी, साठीची कोरियन बाई. तिचा नवरा तीन महिन्यांपूर्वी गेला होता. तिने प्लेट वाढली आणि समोर उभी राहून बघू लागली. आता अशा वेळी माणूस काय म्हणणार? हा म्हणाला, "वा आंटी, झकास!"

तिने काउंटरला वळसा घातला, बरगडीचा आणखी एक तुकडा ताटात टाकला, आणि घरी न्यायला कोबीच्या लोणच्याचा एक डबा हातात दिला. इथेच तो अडकला. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे आमच्या आईने आम्हाला चालायच्या आधी शिकवलं असेल. दुसऱ्या दिवशी हा डबा आमच्या झाडाच्या आंब्यांनी भरून घेऊन गेला. पण रिकामा डबा द्यायचा नाही, हे तिच्या आईनेही तिला शिकवलेलं. तिने भरून परत दिला. आंबे संपले तेव्हा लिची, लिची संपली तेव्हा पपई, आणि जेव्हा झाडावर काहीच नसे तेव्हा मी. म्हणजे मी दर मंगळवारी आंदागी तळायची. आंदागी हे आम्हा ओकिनावावाल्यांचे गोड गोळे, तळायला बसलं की सकाळ जाते. अकरा वर्षं तो डबा कलिही आणि आमच्या घराच्या मध्ये फिरतोय.

"एक दिवस दुसरीकडे जेव ना," मी म्हणायचे.

"कसा जाऊ? तिच्या काउंटरवरून बसचं तोंड दिसतं. मी उतरायच्या आधी बरगड्या विस्तवावर असतात."

"मग निदान गिऱ्हाईकं तरी पाठव तिच्याकडे. अख्ख्या गावाला पत्ते देत फिरतोस."

यावर तो डबा धुवायला घ्यायचा. पाठवणार कुणाला आणि कसं? जो खाऊन येईल तो पुन्हा मिल्टनचा शब्द मानायचा नाही. तेवढा एक शब्दच तर कमावला होता बिचाऱ्याने.

गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याची साखर बघितली आणि चष्मा काढून ठेवला. रोज भाताच्या दोन मुदी, मॅकरोनीचं सॅलड, साखरेत मुरवलेल्या बरगड्या. सप्टेंबरात ड्रायव्हरांची वैद्यकीय तपासणी असते. तोपर्यंत साखर खाली आली नाही तर बस हातातून जाणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रात्रीचा भात मी बंद केला. सकाळी त्याला समुद्रापर्यंत चालायला लावलं. पण दुपारचं काय? दुपार मिसेस बांगची होती.

"सांग तिला, डॉक्टरने मनाई केली."

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, अशक्त दिसताय, म्हणून डॉक्टरकडे जावं लागतं. तिसरी मूद वाढली."

"टाकली नाहीस?"

"ती समोर उभी असते, लोर्ना!"

एप्रिल गेला, मे गेला, साखर जागची हलेना. जूनमध्ये मी कामावर रजा टाकली आणि स्वतः कलिहीला गेले. म्हटलं, वाईटपणा मी घेते. बहिणी त्याचसाठी असतात.

मिसेस बांग तांदळाच्या पोत्यावर बसून गुडघ्याला मलम चोळत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर लगेच उठायला लागल्या, प्लेट वाढायला. मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि एका दमात बोलून टाकलं. साखर, तपासणी, बस, सगळं. "त्याला जेवायला घालू नका, आंटी. हात जोडते."

त्यांनी मलमाचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मिस्टर बस अकरा वर्षं रोज येतो. एक माणूस पाठवला नाही. मला कळत नाही वाटतं?"

त्यांनी मलम खिशात टाकलं.

"हाताला चव माझ्या नवऱ्याच्या होती. माझ्या नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मुलगी टॅकोमाहून सारखी म्हणते, बंद कर, इकडे ये, नातवंडं आहेत. चार वर्षं म्हणते. गुडघे गेले माझे. पण हा माणूस रोज माझ्यावर दया करायला येतो. त्याला बायको नाही. दुकान बंद केलं तर दुपारी कुठे जाईल?"

मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणाला इतकं रडू आलं की पोत्याला टेकले. चार वर्षं! ही बाई त्याच्यासाठी पहाटे उठत होती आणि तो तिच्यासाठी मरत होता. मी म्हटलं, "आंटी, बंद करा. आजच करा. तो सुटेल, तुम्ही सुटाल."

"करते," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरचं तिकीट काढते. पण आधी त्याला यायचं बंद करू दे. नाहीतर त्याला वाटेल, मी त्याला हाकललं."

घरी येऊन मी मिल्टनला सगळं सांगितलं. वाटलं होतं, उडी मारेल. तो खुर्चीत बसला तो उठेचना.

"म्हणजे तिचे गुडघे माझ्यामुळे गेले," तो म्हणाला.

"तुझी साखर कुणामुळे वाढली मग?"

"ते वेगळं. आता मी एकदम जायचं बंद केलं तर कसं दिसेल? चार वर्षं राबवून घेतलं आणि पाठ फिरवली. आधी तिला विमानात बसू दे, मग मी सोडतो."

मी डोक्याला हात लावला. दोघंही एकमेकांना दार उघडून धरत होते आणि बाहेर कुणीच पडत नव्हतं. जुलैत मी त्याला तीनदा पढवून पाठवलं. आज सांगून यायचं, निरोप घ्यायचा, मिठी मारायची, संपलं. तिन्ही वेळा डबा भरून घरी आला.

ऑगस्टमध्ये त्याने माझ्याशी बोलणं कमी केलं. रविवारी, जेव्हा कलिहीला जायचं नसे, तेव्हा तो उपाशी राहायचा, तेवढ्याने काही होईल म्हणून. पहाटे मला तो अंगणात पावलं मोजत चालताना दिसायचा, नव्वद किलोचा माणूस, आंब्याभोवती गोल गोल. मला त्याची दया यायची आणि त्याला थोबाडीत मारावंसंही वाटायचं.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला तपासणी झाली. अकरा तारखेला त्याने बसची चावी परत केली. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाजच झाला नाही. वर गेले तर गणवेशाचा शर्ट हँगरला लावून त्याची बटणं लावत होता, वरपासून खालपर्यंत. मी शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कलिहीला गेले. खरं सांगते, भांडायलाच गेले. दुकानात दारामागे एक नवी सुटकेस उभी होती, विस्तव पेटलेला नव्हता. मिसेस बांग फळ्यावरचे भाव ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"तीन दिवस झाले, मिस्टर बस आला नाही," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर समाधान होतं. "शेवटी त्याने सोडलं. मी परवा निघते."

"बस गेली त्याची," मी म्हटलं. "नापास झाला."

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हणजे गाडी चालवत नाही?"

"नाही."

"मग दिवसभर काय करतो?"

"बसून असतो."

त्यांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं. फोन उचलून मुलीला लावला. मला कोरियन येत नाही, पण मुलगी पलीकडे ओरडली तेव्हा काय म्हणाली असेल ते मला कळलं. मिसेस बांगनी फोन ठेवला, सुटकेस पायाने ढकलत मोरीपाशी नेली, अॅप्रन बांधला आणि कोळशाला काडी लावली.

"त्याला सांग," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या, "आता पंचवीस मिनिटांची घाई नाही. सावकाश येऊ दे."

मी सगळं भांडण तोंडात तयार ठेवलं होतं. "सांगते, आंटी," म्हणाले आणि परत आले.