धाकट्याच्या आधी उठायचं नाही

मी ध्यानाला बसतो त्याला सहा वर्षं झाली. शहरात, नालवाडीच्या घरात त्यासाठी वेगळा कोपरा आहे, गादी आहे, मोबाइलमध्ये वाजणारी घंटी आहे. माझा धाकटा भाऊ आमच्या गावी, रोहण्याला, शेती करतो. तो मागच्या वर्षीपासून गावच्या देवळात पहाटेच्या सामुदायिक ध्यानाला जायला लागला, आणि या दिवाळीत आमच्या घरी निकाल लागला.

"किती शांत झाले हो भाऊजी!" बायको म्हणाली. "अन् तुम्ही? चार्जर नाई सापडला तं घर डोक्यावर घेता."

माणसानं साडूच्या प्लॉटवर जळावं, शेजाऱ्याच्या गाडीवर जळावं. सख्ख्या भावाच्या शांतीवर जळणारा मी पहिलाच असेन. पण जळलो. थंडीत चार दिवसांची रजा टाकून रोहण्याला गेलो, ते त्याचं गुपित काढायलाच.

"ध्यानातून तुले मिळते तरी काय?" पोचल्या पोचल्या विचारलं. गावात पाय पडला की माझी भाषाही घरी येते.

"मिळाचं काय त्यात, भाऊ? दिवसभर माह्यं-माह्यं करतो. अर्धा घंटा ते बाजूले ठेवाचं. मंग बरं वाटते."

एवढंच? सहा वर्षांत मी बाजूला काहीच ठेवलं नव्हतं. किती दिवस सलग बसलो, हे मात्र येईल त्याला ऐकवत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला देवळात रांगेत बसलो. तो माझ्या बाजूला. सहाला घंटी झाली, लोक उठले. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर हा बसलेलाच! मग मीही ठरवलं, याच्या आधी उठायचं नाही. पायाला मुंग्या आल्या. पुढे तर पाय आहे की गेला तेच कळेना. देऊळ झाडणारी म्हातारी आमच्याभोवतीनं झाडून गेली. पायरीवर ऊन आलं. शेवटी मीच हरलो. मी उठलो तसा तोही उठला, चपला घातल्या आणि वावराकडे पळतच सुटला. साडेसात वाजून गेले होते.

विहीर आमची सामाईक. सकाळी सहा ते आठ पाण्याची पाळी याची, आठनंतर चुलतभावाची. गव्हाला पाणी द्यायचं होतं, आणि निम्म्याच्या वर गहू त्या दिवशी कोरडा राहिला.

"अरे, मंग उठला काऊन नाई?"

"तुम्ही बसले होते ना भाऊ. मोठ्या माणसाले रांगेत टाकून कसा उठू?"

आवाजात राग नाही, चेहऱ्यावर आठी नाही. एक शिवी तरी दे लेका, म्हणजे मला जरा बरं वाटेल, असं झालं.

गावात मात्र माझं नाव झालं. "शहरातला असून तीन घंटे बसला," असं चहाच्या टपरीवर दोघांनी ऐकवलं. मी त्यांचा हिशेब सुधारला नाही.

तिसऱ्या दिवशी घंटीला दहा मिनिटं असताना मी भर रांगेतून उठलो. म्हटलं, मी उठलो की हा मोकळा. कालचं राहिलेलं पाणी आज भरून निघेल.

"झालं का बाप्पा?" म्हातारी दाराशीच होती. "काल तं लय बसले होते!"

कान तापले. वळून पाहिलं, तर हा डोळे मिटून तसाच. घंटीपर्यंत हलणार नाही, हे दिसतच होतं.

मग मीच वावराकडे निघालो. सहाला मोटर चालू केली, फावडं घेतलं आणि कोरड्या राहिलेल्या गव्हाकडे पाणी वळवलं. पहिला बांध फुटला. दुसरा टिकला. पाणी सावकाश पुढे सरकत होतं आणि मी त्याच्या मागे मागे.

"मोटर तुम्ही चालू केली काय, भाऊ?" धाकटा पायजमा वर करून चिखलात उतरत होता. "सांगाचं ना मले. मी अजून थोडा बसलो असतो."

त्यानं फावड्यासाठी हात पुढे केला. मी दिलं नाही.