तिसऱ्या मजल्यावरचं खारं पाणी

हेमाताई आगाशे एकतीस वर्षं मेलेली समुद्रफुलं सांभाळत होत्या. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात त्या प्रयोगशाळा सहायक. सुट्टीत कपाटातल्या बरण्या खाली उतरवायच्या, पुसायच्या, आटलेलं फॉर्मॅलिन भरायचं, सुटलेल्या चिठ्ठ्या पुन्हा डकवायच्या. समुद्रफुलाच्या बरणीत सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा एक पांढरट गोळा होता. दरवर्षी सर मुलांना तो दाखवून सांगायचे, की हे दिसतं फुलासारखं पण आहे प्राणी. खडकाला पाय रोवून बसतो आणि पाकळ्यांसारख्या बोटांनी भक्ष्य पकडतो. हेमाताई ते दाराशी उभ्या राहून ऐकायच्या. मुलांचा विश्वास बसत नसे. हेमाताईंचाही बसत नसे, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत त्यांनी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तीन फुटी टाकी आणून बसवली. चेतन नावाच्या दुकानदाराकडून खडक घेतले, पाणी फिरवणारा पंप घेतला, समुद्री मिठाची पाकिटं घेतली. सहा आठवडे नुसतं खारं पाणी फिरत राहिलं. मग एका प्लास्टिकच्या पिशवीतून चेतननं समुद्रफूल आणलं. तासाभरात ते खडकाच्या एका भेगेत पाय रोवून बसलं आणि संध्याकाळपर्यंत उमललं. हिरवट तपकिरी बोटं, टोकाला गुलाबी फुगे. हेमाताई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला.

त्यांचे यजमान माधवराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, की याला खायला काय लागतं. आठवड्यातून दोनदा कोळंबीचा तुकडा, असं कळल्यावर ते म्हणाले, आगाशांच्या तीन पिढ्यांत हा पहिलाच पाहुणा, ज्याला आपल्याकडचा वरणभात चालत नाही. कोळंबीची डबी बर्फाच्या कप्प्यात मागे गेली. तिच्यावर हेमाताईंनी 'औषध' अशी चिठ्ठी लावली, म्हणजे कामाच्या बाईंनी उघडायला नको.

पहिली पाच वर्षं बरी गेली. दोन नारिंगी मासे आले, ते समुद्रफुलाच्या बोटांतच राहायचे. दर रविवारी वीस लिटर पाणी काढायचं आणि वीस लिटर नवं भरायचं. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी आदल्या दिवशी साठवायचं, त्यात मीठ विरघळवायचं, खारेपणा मोजायचा, मग बादल्या हॉलमध्ये. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून बर्फाच्या बाटल्या सोडायच्या. कष्ट होते, पण ते आपण होऊन घेतलेले होते.

सहाव्या वर्षी माधवरावांचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स, डॉक्टर म्हणाले. हळूहळू शर्टाची बटणं गेली, मग जिना गेला, मग एकट्यानं उठणं गेलं. बोलणं हळू झालं, तिरकसपणा मात्र तसाच राहिला. हेमाताईंचा दिवस गोळ्यांच्या वेळांवर चालू लागला. सहा, दहा, दोन, सहा. मधल्या वेळात अंघोळ, जेवण भरवणं, पाठ चोळणं, आणि रविवारी वीस लिटर. त्यांचं मनगट दुखायचं. बादली भरून झाली की त्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून थोडा वेळ नुसत्या उभ्या राहायच्या.

मुलगी स्वराली बंगळुरूला होती. ती फोनवर दर वेळी म्हणायची, आई, ते देऊन टाक ना कोणाला तरी. हेमाताई हो म्हणायच्या. एकदा खरंच चेतनला विचारलं. तो म्हणाला की मासे नेतो, पण इतकं मोठं समुद्रफूल नव्या टाकीत टिकेलच असं नाही. मग ते राहून गेलं. माधवरावांची खुर्ची दिवसभर टाकीसमोर असायची, कारण हॉलमध्ये पंखा तिथेच होता. ते बघत असत की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या मे महिन्यात रस्त्याच्या खोदकामात सोसायटीची केबल जळली. सकाळी सहाला वीज गेली. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टपुरता. टाकीसाठी ठेवलेला बॅटरीचा हवेचा पंप नऊ वाजेपर्यंत चालला आणि बंद पडला. फिरणारं पाणी थांबलं की त्यातली हवा संपते, म्हणून हेमाताई मगानं पाणी काढून उंचावरून परत ओतू लागल्या. शंभर वेळा ओतायचं, पाच मिनिटं थांबायचं, परत ओतायचं. पाणी कोमट झालं होतं. फ्रीजमधला बर्फ दहालाच संपला.

माधवराव बराच वेळ ते बघत होते. मग त्यांनी खुर्ची जवळ घ्यायला सांगितलं आणि थरथरता हात मनगटापर्यंत पाण्यात सोडला.

"नाहीतरी हलतोच आहे," ते म्हणाले. "कामाला तरी येऊ दे."

त्यांच्या बोटांनी पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. त्यानं फारसा उपयोग होत नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. हेमाताई पाणी ओतत राहिल्या. तासभर दोघं तसेच टाकीशी होते.

बाराच्या सुमारास समुद्रफुलानं खडक सोडला. पाणी बिघडलं की ते जागा शोधत सरकतं. पायाची कड उचलली गेली होती आणि ते काचेवरून इंचइंच कोपऱ्याकडे निघालं होतं. त्याच कोपऱ्यात पाणी फिरवणारा पंप होता. वीज आली तर हे आत ओढलं जाईल, असं हेमाताईंच्या लगेच लक्षात आलं. पिन काढून ठेवायला त्या वाकल्याच होत्या, तेवढ्यात माधवराव म्हणाले, मला आत ने. त्यांना थांबता येत नसे. त्यांना उठवलं, न्हाणीघरापर्यंत नेलं, पण दारातच कपडे खराब झाले. मग अंघोळ घातली, कपडे बदलले, फरशी पुसली. दोनची गोळी दिली, मऊ भात भरवला, आतल्या खोलीत निजवलं. स्वतःच्या पोटात सकाळपासून फक्त चहा होता. त्या हॉलमध्ये येऊन खुर्चीत टेकल्या, फक्त पाठ टेकायला म्हणून, आणि त्यांना झोप लागली.

जाग आली ती पंख्याच्या आवाजानं. तीन वाजून गेले होते. टाकीतलं पाणी दुधासारखं गढूळ झालं होतं आणि त्यात गुलाबी टोकांचे तुकडे गरगरत होते. पंप घरघरत होता.

त्यांनी उठून पिन काढली. मासे जिवंत होते. रविवारसाठी कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत त्यांनी मासे हलवले. पंपात अडकलेले तुकडे चमच्यानं काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले. गढूळ पाणी नळीनं उपसून न्हाणीघरात सोडलं, खडकांवर उरलेलं मिठाचं पाणी ओतलं. रडू येईल असं त्यांना वाटत होतं, ते आलं नाही. संध्याकाळी चेतन आला आणि मासे घेऊन गेला. टाकी पुढच्या आठवड्यात गाडी आणून नेतो, म्हणाला. तोवर खडक कोरडे पडून वास मारू नये म्हणून त्यानं थोडं खारं पाणी घातलं आणि हवेचा पंप लावून दिला.

माधवरावांना त्यांनी सांगितलं, समुद्रफूल गेलं. ते म्हणाले, हं. कसं गेलं हे त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतरचा रविवार हेमाताईंच्या आयुष्यात बऱ्याच वर्षांनी रिकामा आला. त्या दुपारी दोन तास झोपल्या. उठल्यावर आपल्याला बरं वाटतंय, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली. चेतनची गाडी नादुरुस्त झाली म्हणून त्याचं येणं लांबलं. त्यांनीही घाई केली नाही.

अकराव्या दिवशी धूळ पुसताना त्यांना ते दिसलं. खडकाच्या जुन्या भेगेत, अगदी आत, हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. आठ-दहा बोटं होती, फिकट, मोहरीएवढी टोकं. सरकताना मागे राहिलेल्या तुकड्यातून ते उभं राहिलं होतं.

त्यांना आनंद झाला नाही. पहिला विचार आला तो बादलीचा. मग मनगटाचा. त्यांनी फडकं झटकलं आणि आत निघून गेल्या. या पाण्यात ते फार दिवस टिकणार नाही, हे त्यांना माहीत होतं. पाणी बदललं नाही तर आपोआप संपेल, चेतन येईल, टाकी जाईल, कोणाला सांगायचीही गरज नाही. दोन दिवस त्यांनी टाकीकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी माधवरावांना दहाची गोळी देताना हात थांबला आणि नजर तिकडे गेलीच. ते अजून होतं.

"एक बारीकसं उगवलंय," त्या म्हणाल्या. "खडकात."

माधवरावांनी पाणी गिळलं. त्याला वेळ लागला.

"मला माहीत आहे. आठवडा झाला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू झोपायला लागली होतीस दुपारची."

हेमाताई पेला हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग स्टुलावर बसल्या.

"मला दिसलं तेव्हा मीही नाही सांगितलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मरू दे."

"मरत नाहीये पण," माधवराव म्हणाले. "चिवट आहे. शिवाय आपल्याला कोण विचारतंय."

खाली भाजीवाला हाका मारत होता. शेवटी हेमाताई म्हणाल्या, की वीस लिटर आता माझ्याच्यानं उचलवणार नाही. माधवराव म्हणाले, की उचल असं सांगणारा मी कोण, मला तूच उचलतेस.

त्यांनी चेतनला फोन केला. मोठी टाकी तो त्याच शनिवारी घेऊन गेला आणि त्या बदल्यात एक छोटी, टेबलावर मावणारी टाकी देऊन गेला. भेगेचा तो एक खडक तिच्यात बसला. आता दर आठवड्याला चेतनच्या दुकानातून तयार खाऱ्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन लिफ्टनं वर येतो. तो हेमाताईंना एका हातानं नेता येतो. पाणी बदलायला वीस मिनिटं लागतात.

समुद्रफूल आता रुपयाच्या नाण्याएवढं आहे, अजून फिकटच. पहिल्यासारखं कधी होईल, ते चेतनही सांगत नाही, आणि हेमाताई विचारत नाहीत. माधवरावांचा घास अलीकडे घशात अडकतो, म्हणून जेवणाला तासभर जातो. हेमाताई पूर्वीइतक्याच दमतात. फक्त रविवारी, पाणी बदलून झालं की त्या आतल्या खोलीत आडव्या होतात, आणि माधवराव चार वाजेपर्यंत हाक मारत नाहीत.