न्हाणीतलं मँगोस्टीन

परवापर्यंत आमच्या न्हाणीघरात एक कुंडी होती आणि घरातली सगळी माणसं तिला वळसा घालून आंघोळ करत होती. हे माझ्यामुळे. आता दमलो आहे, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

कंपनीनं मला एका मशीनच्या ट्रेनिंगसाठी केरळला पाठवलं होतं. येताना मी मँगोस्टीन नावाची फळं आणली. बाहेरून गर्द जांभळी, डोक्यावर हिरवं टोपरं. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, एक हातात घेऊन विचारलं, "ह्ये वांगं हाय व्हय?" मग आतली पांढरी फोड चाखली आणि लगेच दुसरी उचलली. केम गावची शेती भावाकडे सोपवून सोलापुरात आल्यापासून आबा जेवतात ते आमच्यावर उपकार म्हणून. त्या दिवशी त्यांनी चार फळं खाल्ली. बिया चोखून तळहातावर ठेवल्या. "ह्येचं झाड लाव की," म्हणाले. आणि लगेच, "पर तुज्या हाताला गुण न्हाय."

हे खरं आहे. शाळेत असताना मी मिरचीचा वाफा इतक्या मायेनं शिंपला होता की सगळी रोपं कुजली. मला चिंचोळीच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आबा आईला म्हणाले, "बरं झालं, रान वाचलं." तीस वर्षं मशीनच्या आवाजात काढली, तरी ते वाक्य कानातून गेलेलं नाही. हे एक झाड तरी आबांच्या देखत आलंच पाहिजे, असं मी मनाशी धरलं.

बी कसं राखायचं ते आबांनीच सांगितलं. राखेत घोळायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, डब्यात बंद करायचं. ज्वारी, तूर, मटकी, सगळ्यांचं त्यांनी जन्मभर असंच केलं. आठ दिवस बिया गच्चीवर होत्या आणि आबा शेजारी बसून कावळे हाकत होते. मग पेरल्या. दोन महिने मी मातीला पाणी घातलं. एकदा कोंब दिसला, पेढे वाटायचेच काय ते राहिले. बायकोनं वाकून पाहिलं. "अहो, हा माठ आहे. अजून चार उगवले तर भाजी करते."

शेवटी केरळातल्या रोपवाल्याला फोन लावला. तो मोडक्या हिंदीत ओरडून सांगत होता की तिकडच्या जंगलात बारा महिने ओल असते, हे बी वाळलं की मेलं, फळातून काढायचं आणि तसंच मातीत घालायचं. आबा पलीकडे खाटेवर डोळे मिटून पडले होते. संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, "बीच पोचट निघालं, आबा."

रोपवाल्यानं ओल्या काथ्यात गुंडाळून दोन बिया पाठवल्या. एक रुजली. दोन पानं आली आणि पुढं चार महिने दोनच राहिली. सोलापूरच्या उन्हात टिकणार नाही म्हणून कुंडी न्हाणीत, झरोक्याखाली ठेवली. ड्यूटीला जाताना पाण्याचा फवारा, आल्यावर फवारा, दुपारी ओला फडका. आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. बायको वाटीभर पाण्यात भांडी विसळायची आणि मी पानं धुवायचो. "पुढच्या जन्मी मी कुंडीतच येते," ती म्हणायची. मोतीबिंदूमुळे आबांना नीट दिसत नाही, ते आंघोळीला गेले की पानं बोटांनी चाचपून विचारायचे, "हाय का रं?"

"आहे, आबा."

एप्रिलात नळाची पाळी चुकली. फवारे मारून मीही इतका कंटाळलो होतो की बोअरचं पाणी घातलं. खारट. पानं कडेनं भाजक्या पापडासारखी झाली आणि आठवड्यात गळाली.

आबांना काय सांगणार? कंपनीच्या आवारात जांभळीखाली रोपं उगवली होती. त्यातलं एक तुकतुकीत पानांचं उपटून त्याच कुंडीत लावलं. ते सुसाट सुटलं. आबांनी चाचपून पाहिलं. "लई वाढलं की. हाताला गुण आला तुज्या."

पन्नाशी उलटल्यावर मिळालेली पहिली शाबासकी, तीही बनावट मालावर. त्या रात्री जेवण गेलं नाही.

परवा आबांना आंघोळ घालत होतो. त्यांनी एक पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी धरलं.

"ह्ये जांभूळ हाय."

मी भरलेला तांब्या खाली ठेवला.

"कधी कळलं?"

"पयल्याच दिशी. डोळं गेल्यात, नाक हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

"माज्या राखंनं बी मेलं, ह्ये तू कुटं बोललास? त्यो फोनवाला तर बोंबलून सांगत हुता."

पाणी तांब्यातच थंड होत होतं.

"मग हाताला गुण आला म्हणालात, ते?"

"जांभूळ तर जगवलंस. मिरचीपरीस बरं." त्यांनी पाठ पुढं केली. "घाल पानी. आन् त्येला भाईर काढ, ऊन लागू दे. कवाधरनं हितं कोंडलंय बिचारं."

गच्चीपर्यंत तीन जिने. दुसऱ्यावर कंबर धरली, तसा कुंडी मांडीवर घेऊन पायरीवरच बसलो. खालून बायकोचा आवाज आला, "जिन्यात ठेवू नका हं ती!"