हरणांचं कुंपण

"पाय उचला."

हे दोन शब्द ते कधी ओरडून म्हणत नसत. आधी शर्टाच्या आतून शिट्टी बाहेर काढायची, बाहीला पुसायची, वाजवायची मात्र नाही. मग समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायाकडे बघायचं आणि म्हणायचं, "पाय उचला." आपण खाली पाहावं, तर आपला बूट गवताच्या कोवळ्या ठोंबावर. माझी आणि त्यांची ओळख अशी बुटापासून झाली. पुढे इतकी वर्षं बरोबर काढली, तरी ते माझ्या चेहऱ्यापेक्षा बुटालाच जास्त ओळखत असावेत, असा मला संशय आहे.

सगळी कंपनी त्यांना आबा म्हणायची, तेव्हा आपणही आबाच म्हणू.

नव्वदनंतरचे दिवस. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या उघड्या माळावर आमची कंपनी उभी राहिली आणि मी तिचा जनसंपर्क अधिकारी झालो. कंपनीचं जे चांगलं दिसेल ते लिहायचं आणि काही चांगलं दिसलं नाही तर चष्मा पुसून पुन्हा बघायचं, हे माझं काम. कारखान्याच्या पायासाठी आणि रस्त्यांसाठी मुरूम काढून काढून आवाराची पूर्वेकडची बाजू पार सोलून निघाली होती. आमचे अध्यक्ष परदेशात कुठे तरी जाऊन आले आणि म्हणाले, ही जमीन पुन्हा पूर्वी होती तशी करायची. गवत, बोरी, हिवर आणि ह्या माळावर फिरणारे चिंकारे, सगळं परत आलं पाहिजे. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. उन्हात उभं कोण राहणार म्हटल्यावर त्याच माना खाली गेल्या. मग आबांचं नाव निघालं.

आबा त्याच माळावरच्या मेंढपाळ घरातले. ती जमीन त्यांच्या घरचीच होती. कंपनीनं ती घेतली तेव्हा घरटी एक नोकरी दिली. घरात भाऊ दोघं. थोरल्या अण्णांनी ठरवलं, "तू चार बुकं शिकलाय, तू नोकरी धर. मेंढरं मी बघतो." एवढ्यावर वाटणी झाली. एकाला टोपी आणि शिट्टी, दुसऱ्याला कळप.

मी फलक लिहून दिला : 'वन्यजीव अधिवास पुनर्स्थापना क्षेत्र'. पेंटर तीन शब्दांतच पत्र्याच्या कडेला पोचला. 'क्षेत्र' त्यानं मागच्या बाजूला लिहिलं. परिणाम असा, की मागच्या वाटेनं मोरगावहून येणारे लोक नुसतं 'क्षेत्र' वाचून तिथे चपला काढायला लागले. कोणी तरी नारळही ठेवून गेलं. आबांनी तो फोडला, मला खोबरं दिलं आणि म्हणाले, "सायेब, तुमचा देव पावला बगा." गावातल्या लोकांनी फलकाच्या दोन्ही बाजू सोडून दिल्या आणि जागेला हरणांचं कुंपण म्हणायला लागले.

कुंपण होतं, पण खालची तार आबांनी मुद्दाम काढून टाकलेली. चिंकारा तारेवरून उडी मारायच्या भानगडीत पडत नाही, खालून निघून जातो. आता खालून हरीण जातं तिथून मेंढरूही जातं. म्हणून मेंढरांना अडवायला तार नव्हती, आबाच होते.

आणि अडवायचे कसे, ते तुम्ही बघायला हवं होतं. दयामाया नाही. गवत कापायला आलेल्या बायकांचे विळे ते काढून घेत आणि आपल्या खोपीच्या भिंतीवर ओळीनं टांगत. एका म्हातारीनं रडून गोंधळ घातला, तर म्हणाले, "आजे, रड. पर पाय उचलून रड." मला ती भिंत फार आवडली. मी फोटो काढला आणि कंपनीच्या मासिकात छापला. खाली ओळ : 'आमच्या कर्मचाऱ्याने जपलेला पारंपरिक अवजारांचा संग्रह.' विळ्यांच्या मालकिणींनी तो अंक कुठून मिळवला देव जाणे. पुढे महिनाभर मी जीपच्या काचा वर करून त्या वाड्यांवरून जात असे.

पण गवत आलं. आधी खुरटं, मग गुडघ्याएवढं. चंडोल आले, तितर आले. एका हिवाळ्यात चिंकाऱ्याची जोडी आली आणि राहिली. आणि पाडस झालं तेव्हा आबांनी मला बोलावलं. पोटावर सरपटत नेलं. माझ्या नव्या पँटीचा त्या दिवशी अंत झाला, ते जाऊ दे. गवतात हातभर अंतरावर तांबूस काही तरी मुटकुळं करून पडलं होतं. फक्त कान हलत होता. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "माझ्या थोरलीच्या वक्ताला बी मी एवढा थांबलो न्हवतो." मी भारावलो, आणि शिंकलो. पाडस गेलं, आई गेली, तितरसुद्धा उडाले. आबा तसेच पालथे पडून राहिले. म्हणाले, "सायेब, तुमी ऑफिसात लई शोभता."

अध्यक्ष बघायला येणार ठरलं, तेव्हा मी कसलाही धोका पत्करला नाही. भर दुपारी हरणं दिसतीलच याचा भरवसा काय? बारामतीत बागेतले पुतळे करणारा एक कारागीर होता. त्याच्याकडून सिमेंटचं हरीण करून घेतलं आणि लांब गवतात उभं केलं. कारागिरानं हौसेनं अंगावर पांढरे ठिपके काढले होते. चिंकाऱ्याला ठिपके नसतात, हे मला आबांच्या तोंडावरून कळलं. अध्यक्षांनी जीपमधूनच पाहिलं, टोपी काढली, खूष झाले. त्या वर्षीच्या कॅलेंडरवर तेच हरीण आलं. आबा एवढंच म्हणाले, "ह्येला पाय उचल म्हनायची सोय न्हाय."

मग तो पावसाळा आला, म्हणजे आलाच नाही. कोकणातून परतलेले कळप नेहमी ह्याच दिवसांत माळावरच्या हिरव्यावर पोट भरत. त्या साली चहूकडे माळ टकलासारखा उघडा होता. गवत होतं ते फक्त आमच्या कुंपणात.

अण्णा कळप घेऊन फाटकाशी आले. मी तिथेच जीपमध्ये शेंगा खात बसलो होतो. अण्णा थोरले, अंगानं वाळलेले, खांद्यावर घोंगडी, काखेत एक कोकरू. कोकराची मान लोंबत होती. त्यांनी आत एक पाय टाकला आणि थांबले.

"ही जिमीन आपलीच हुती," अण्णा म्हणाले.

"हुती."

"समदी नको सोडू. व्यालेल्या तेवढ्या सोड. दूध न्हाय त्यांना, कोकरं मरायल्यात."

आबांनी शिट्टी काढली. बाहीला पुसली. "हरणी पुन्यांदा गाबन हाय. हितं खूर पडलं की ती निघून जाईल. एकीला सोडलं की समदी येत्यात, हे तूच शिकवलंयस मला."

"हरणी कोन लागती तुजी?"

आबा भावाच्या पायाकडे बघत राहिले. म्हणाले, "अण्णा, पाय उचल."

मला वाटलं, आपण अधिकारी आहोत, मध्ये पडलं पाहिजे. मी खाली उतरलो आणि अण्णांना म्हणालो, कंपनीकडे रीतसर अर्ज करा, विचार होईल. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या शेंगांकडे पाहिलं. मग त्यांनी पाय उचलला, मागे घेतला आणि कळप वळवला. मेंढरं वळायला तयार नव्हती. गवताचा वास येत होता त्यांना. अण्णांना काठी चालवावी लागली.

पुढच्या बाजाराला अण्णांनी कळप विकला. कसायांचा ट्रक डाळजकडे जाणाऱ्या रस्त्यानं गेला, म्हणजे आमच्या कुंपणाला खेटून. ओळखीचा माळ दिसल्यावर मेंढरं ओरडायला लागली. आबा पाणवठ्यात पाइपनं पाणी सोडत होते. रस्त्याकडे पाठ. ट्रक दिसेनासा होईपर्यंत ते वळले नाहीत. मग मला म्हणाले, "गाडीवाल्याला सांगा, हितनं हळू न्येत जा. हरनं बुजत्यात." पाणवठा केव्हाच भरून वाहत होता. पाइप तसाच चालू.

हरणी व्याली. दोन पाडसं झाली. आबांनी कोणाला बोलावलं नाही.

दोनेक वर्षांनी अध्यक्षांच्या जागी त्यांचे जावई आले. त्यांना गवतात रस नव्हता, दुसऱ्या युनिटमध्ये होता, आणि दुसऱ्या युनिटला सपाट जागा तीच. अधिवास पलीकडे, सांडपाण्याच्या तळ्यामागे हलवायचा ठरला. "हरणांना चार पाय आहेत, जातील तिकडे," नवे साहेब म्हणाले. अडचण गवताची होती. वाळलेलं, कमरेएवढं, उद्या ठिणगी पडली तर? साहेबांनी तोड काढली : गावातले कळप बोलवा, आठवड्यात साफ करतील, लोकही खूष होतील. मला ही कल्पना इतकी पसंत पडली की मी मासिकासाठी मथळाही तयार केला, 'उद्योग आणि मेंढपाळ : हातात हात'. मग आबांना सांगायची कामगिरी माझ्यावरच आली.

त्यांनी ऐकून घेतलं. मथळा मी सांगितला नाही, इतकी अक्कल तोवर आली होती. त्यांनी फक्त विचारलं, "कवा उघडू?"

फाटक उघडलं. दोन दिवस उघडं राहिलं. कोणी आलं नाही. आसपासच्या वाड्यांवर त्या पावसाळ्यानंतर कळप असे उरलेच नव्हते. शेवटी ठेकेदारानं सरळ मशीन घातलं. मशीनचा पहिला आवाज झाला आणि हरणं खालच्या, तार नसलेल्या फटीतून गेली. आबांनीच ठेवलेली वाट. तळ्याकडे ती गेली नाहीत. पुन्हा कधी कोणाला दिसलीही नाहीत.

खोप पाडायच्या आधी बायका विळे न्यायला आल्या. मुठीवरून आपापला ओळखून घेऊन गेल्या. कापायला गवत कुठेच नव्हतं, पण विळा तो विळा. ती रडलेली म्हातारी आता नव्हती, तिच्या सुनेनं नेला.

कुंपण निघाल्यावर आबा कंपनीत दिसले नाहीत. हिशेब घ्यायलाही आले नाहीत. सिमेंटचं हरीण मात्र आहे. दुसऱ्या युनिटच्या फाटकाशी उभं आहे, दरवर्षी रंग देतात, ठिपक्यांसकट. तुम्ही त्या रस्त्यानं गेलात तर बघा, लोक त्याच्या पाठीवर पोरं बसवून फोटो काढतात.

मी आबांना शेवटचं पाहिलं ते कुंपणाच्या तारा काढत होते त्या दुपारी. ठेकेदाराच्या माणसांत अण्णा होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात पक्कड. खांबावरून सुटलेली तार गुंडाळत ते एकेक पाऊल पुढे येत होते. आबा कडेला उभे होते. शिट्टी शर्टाच्या बाहेर लोंबत होती.

"अण्णा," आबा म्हणाले, "फाटक उघडलंय. मेंढरं आन."

"कुठली?" अण्णांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारावं तसं विचारलं आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले. गुंडाळत गुंडाळत आबांपर्यंत आले. तार पुढे येईना. अण्णांनी एक हिसका दिला, दुसरा दिला, मग खाली पाहिलं. तार आबांच्या वहाणेखाली होती.

"पाय उचल," अण्णा म्हणाले.

आबांनी पाय उचलला. तार खालून सरकली, अण्णा पुढच्या खांबाकडे गेले. आबा एका पायावर उभे. सगळीकडे नुसता मुरूम पडला होता, पायाखाली येईल असं काडीभर गवत नव्हतं, तरी बराच वेळ ते खाली बघत राहिले आणि तो पाय कुठे टेकवावा हे त्यांना ठरवता येईना.